फुटाला एक सूत

निघण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाइल, कंपनीचं आयकार्ड, गाडीची किल्ली इथेच राहू द्या. चाकणच्या या कारखान्यातून एकच गोष्ट सोबत न्यायची आहे, आणि तीही डोक्यात: समोरच्या पडद्यावरचा एक आकडा.

पडद्यावर गिअरबॉक्सचं हाउसिंग सावकाश फिरतं आहे. डिझाइन विभागातली मुलगी एका चौकटीत १.०१ भरते आणि पुढच्या कामाला लागते. हाउसिंग सगळ्या बाजूंनी एक टक्क्यानं वाढतं. विचारलंत तर ती सांगेल, की बिडाचा रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा पाडायचा नमुना, तेवढा मोठा ठेवावा लागतो. आता सीएनसी यंत्र रेझिनच्या ठोकळ्यातून तो आकार कोरून काढेल. हा एक टक्का कारखान्यांच्या या पट्ट्यात कुणाच्या हातातून आला, ते पाहायला आपण चाललो आहोत. नाशिक रस्त्यानं भोसरीकडे निघा. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली, की साल १९७४.

रस्ता एकदम अरुंद होतो. बैलगाडीला वाट देत एसटी पुढे सरकते, सायकलींची रांग शिफ्ट गाठायला निघालेली असते. ज्वारीच्या रानात मध्येच पत्र्याची शेड उभी राहिलेली दिसते, तिच्या पलीकडे पुन्हा ज्वारी. एमआयडीसी स्थापन होऊन बारा वर्षं झाली आहेत, पिंपरी-चिंचवडची नगरपालिका होऊन जेमतेम चार. मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग पुरवायला लहान गाळे भराभर उघडताहेत. त्यातल्या एका गाळ्याच्या दाराशी थांबा.

आत पाऊल टाकताच आधी वास येतो. सागवानाचा भुसा, स्पिरिटमध्ये विरघळलेली चपडी लाख आणि कोपऱ्यात पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम केलेला सरस. लोखंडाचा मागमूस नाही. हे पॅटर्नशॉप आहे. आसपासच्या फाउंड्र्यांत ओतलं जाणारं बीड आधी इथे लाकडाचं होतं.

“या पाव्हणं. त्या फळीला तेवढा हात लावू नका, सरस ओला हाय.”

बोलणारे मिस्त्री पन्नाशीचे. कानावर पेन्सिल, नाकावर चष्मा, धोतर सोडून आता पँट वापरायला लागलेले, पण टोपी तीच. माण तालुक्यातले. पिढ्यान्‌पिढ्या गावचं सुतारकाम त्यांच्या घराकडे: नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं, आणि सुगीला बलुतं. बहात्तरच्या दुष्काळात रानंच पेरली गेली नाहीत, तेव्हा पाभर दुरुस्तीला कोण आणणार? ते पुतण्याचा हात धरून इकडे आले. गवंड्यांकडे दारं-खिडक्या करत असताना कुणीतरी त्यांचा सांधा पाहिला आणि या गाळ्यात आणून बसवलं.

त्यांच्यासमोर प्लायवुडचा मोठा तक्ता आहे. त्यावर ते हाउसिंगचं चित्र पुऱ्या मापात उतरवत आहेत. कंपनीकडून आलेला निळा ड्रॉइंग कागद शेजारी पसरलेला. कागदावर लांबी ६०० मिलिमीटर. तक्त्यावर मात्र रेघ लांब दिसते. शेजारची साधी पट्टी लावून पाहा: ६१२ भरतं.

चूक वाटली ना? आता मिस्त्रींच्या हातातली पट्टी मागून घ्या आणि साध्या पट्टीशेजारी धरा. डावी टोकं जुळवा. दोन्हींवर आकडे सारखेच आहेत, पण मिस्त्रींच्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर किंचित रुंद आहे. तिच्यावरचा ६०० चा आकडा साध्या पट्टीवर ६०६ ला येतो. ही आकसण्याचं माप पोटात घेतलेली पट्टी आहे. बिडाची वेगळी, पितळेची वेगळी, पोलादाची वेगळी. कोणता धातू ओतायचा हे विचारल्याशिवाय मिस्त्री पट्टीला हात लावत नाहीत.

“बीड म्हणलं की फुटाला एक सूत,” ते सांगतात. “पितळ दीड सूत. पोलाद दोन सूत. कागद मिलिमीटरचा आला तरी हात अजून सुतानंच मोजतो.”

इंचाचे आठ सूत. बारा इंचांमागे इंचाचा आठवा भाग, म्हणजे जवळजवळ एक टक्का. चाकणच्या पडद्यावरचा १.०१ तो हाच. मग उरलेले सहा मिलिमीटर कुठून आले? ओतीव तुकड्याच्या दोन्ही टोकांना यंत्रावर छिलून काढायला तीन-तीन मिलिमीटर जास्तीचं बीड हवं. म्हणजे ओतलेला तुकडा ६०६ चा हवा, आणि थंड झाल्यावर ६०६ भरायचा तर लाकूड ६१२ चं हवं. कागदावरच्या एका आकड्यात त्यांना दोन नुकसानं आधीच दिसतात: थंड होताना बीड जे गमावणार ते, आणि यंत्राचं हत्यार जे खाणार ते. दोन्हींची भरपाई लाकडात आधी करून ठेवायची.

त्यांना विचारा, हे शिकवलं कुणी?

“शिकवायचं काय त्यात? गावात धाव चढवतच होतो की.”

गाडीच्या लाकडी चाकावर बसते ती लोखंडी धाव. ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून फुगवतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. धाव आकसते, आरे आणि पाट्या एकमेकांत आवळल्या जातात, चाक वर्षानुवर्षं सुटत नाही. किती लहान ठेवायची हे लोहार आणि सुतार मिळून ठरवत. लोखंड आकसतं हे मिस्त्रींनी लहानपणी वाफेच्या ढगात उभं राहून पाहिलेलं आहे. गाळ्यात आल्यावर त्यांना फक्त त्याची पट्टी मिळाली. कारखान्यांचा हा पट्टा उभा राहिला त्यात भांडवल होतं, परदेशी यंत्रं होती, शिकलेले इंजिनिअर होते. आणि बलुतं बंद पडलेल्या सुतारांचं हे ज्ञानही होतं. ते कुठल्याही यंत्राच्या खोक्यातून आलेलं नव्हतं.

आता एप्रन बांधा आणि हाताला काम घ्या. सागवानाच्या फळ्या वाळवून ठेवल्या आहेत. एकाच जाड ठोकळ्यातून हाउसिंग कोरायचं तुमच्या मनात येईल, पण मिस्त्री तसं करू देणार नाहीत. ठोकळा पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात वाकतो. म्हणून पातळ फळ्या, एकीचा रेषा उभा तर दुसरीचा आडवा, अशा सरसानं चिकटवायच्या. गोल भाग लहान कमानदार तुकडे जोडून करायचा, वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ न देता. लाकडाला हलायची सवय आहे. एका फळीची ओढ दुसरीनं धरून ठेवायची.

रंधा चालवा. मग पटाशी, मग गोल पटाशी, शेवटी पॉलिश पेपर. गुण्या लावून पाहिलंत तर उभी बाजू काटकोनात नाही. पुन्हा चूक वाटेल. ती बाजू मिस्त्रींनी अंश-दीड अंश तिरकी ठेवली आहे. पॅटर्न वाळूत दाबून पुन्हा वर उचलायचा असतो. भिंत अगदी सरळ असेल तर वर येताना ती वाळूला घासत येते आणि कडा मोडते. एवढ्या टेपरनं पहिल्याच हिसक्याला लाकूड वाळूपासून सुटतं. आतले कोपरेही बघा. तिथे चामड्याची पट्टी किंवा मेण भरून गोलाई दिली आहे, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात वाळू ढासळते आणि थंड होणारं बीड नेमकं तिथेच तडकतं.

मग रंग. बीड जिथे यंत्रावर छिललं जाणार तिथे लाल, जसं ओतलं तसं राहणार तिथे काळा. आणि दोन्ही टोकांना पिवळे ठोंब. कागदावर या ठोंबांचा पत्ता नाही, तयार हाउसिंगमध्येही ते नसतील. हाउसिंग आतून पोकळ आहे. ती पोकळी साधायला वाळूचाच एक गाभा, म्हणजे कोअर, साच्यात अधांतरी ठेवावा लागतो. पिवळे ठोंब वाळूत त्याच्यासाठी बैठक तयार करतात. तो गाभा पाडायची लाकडी पेटीही मिस्त्रींनीच केली आहे. हाउसिंगच्या आतल्या हवेचा आकार तिच्यात उलटा कोरलेला आहे. पेटीत हात घाला. बोटांना लागतं आहे ते पुढे कधीच कुणाला दिसणार नाही, गिअर मात्र त्यातच फिरतील.

शेवटी धातूची लहान अक्षरं ठोकायची. कंपनीची खूण, पार्ट नंबर, फाउंड्रीची निशाणी. मिस्त्री प्रत्येक अक्षर फुंकर मारून बसवतात, ओळ सरळ आली का ते एक डोळा मिटून बघतात. सगळी अक्षरं बसली. त्यात त्यांचं स्वतःचं एकही नाही.

संध्याकाळी हातगाडीवर पॅटर्न घालून फाउंड्रीत चला. जमिनीवर काळी ओलसर वाळू. मूठभर उचलून दाबा: बोटांचे ठसे उठतात आणि गोळा मोडला की कडा स्वच्छ तुटते. मोल्डर अर्धा पॅटर्न फळीवर ठेवतो, वर पेटी ठेवतो, चाळलेली बारीक वाळू आधी, मग भरड, आणि ठोकणीनं ठोकतो. पेटी उलटी होते. पॅटर्नचा दुसरा अर्धा भाग लाकडी खुंट्यांवर बरोब्बर बसतो. वर दुसरी पेटी, पुन्हा वाळू, रस ओतायची वाट, हवा आणि जादा रस वर यायची वाट. मग पेट्या वेगळ्या करतात.

आता बोलू नका. मोल्डर पॅटर्नमध्ये टोकदार सळई रोवतो, चारी बाजूंनी हलके ठोके देतो आणि दोन्ही हातांनी लाकूड सरळ वर उचलतो. मिस्त्री तोवर श्वास धरून उभे आहेत. लाकूड बाहेर येतं. खाली वाळूत गोलाया, कोपरे, पार्ट नंबरचा आकडा न् आकडा, सगळं जसंच्या तसं. एकही कड ढळलेली नाही. मोल्डर मान वर न करता म्हणतो, “सुटलं, मिस्त्री.” त्यांच्या दिवसभराच्या कामाला मिळालेली दाद एवढीच.

जवसाच्या तेलात मळून भाजलेला कोअर पिवळ्या ठोंबांनी पाडलेल्या बैठकीत बसतो. पेट्या बंद होतात. क्युपोलाचं, म्हणजे बीड वितळवायच्या भट्टीचं, तोंड फुटतं, तेराशे अंशांच्या वरचं पांढुरकं-नारिंगी बीड लॅडलमध्ये उतरतं. साच्यात ओतताना कडेनं निळ्या ज्वाळा निघतात. सकाळी वाळू फोडली, तुकडा साफ केला, की मिस्त्री साधी पट्टी काढतात. सहाशे सहा. ते पट्टी खिशात घालतात आणि पुढच्या ड्रॉइंगचा कागद उलगडतात.

तो उलगडतो आहे तोवर आपल्याला अजून मागं जायचं आहे. चिंचवडहून लोणावळ्याच्या दिशेनं निघा, मळवली गाठा, एकवीरेच्या डोंगराची वाट धरा. मोटारींचा आवाज, रूळ, तारांचे खांब मागे पडतात. वर पोचता तेव्हा इसवी सनाचं पहिलं शतक आहे. कार्ल्याचा चैत्य कोरला जातो आहे.

आत शिरा. सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच असं एक अखंड दालन डोंगराच्या पोटातून काढलं आहे. छिन्न्यांच्या आवाजात मधूनच वाकसाचा आवाज येतो. मान वर करा. गोल छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या बसवताहेत. त्या छताला तोलून धरत नाहीत. खडकाला टेकूची गरज नाही, तो हजारो वर्षं आपला आपण उभा राहील. मग दगडाच्या मंदिरात सुतार कशाला? कारण लोकांनी तोवर पाहिलेली मोठी दालनं लाकडाची होती. प्रार्थनेला येणाऱ्याला ओळखीचं छप्पर दिसावं, म्हणून दगडानं लाकडाचं रूप घेतलं, आणि जिथे दगडाला ते पुरतं जमेना तिथे खरं लाकूड आलं. त्या फासळ्यांतल्या कितीतरी आजही तिथेच आहेत.

दाराशी काम करणाऱ्या माणसाला निरखून पाहा. धेनुकाकट गावचा सुतार, नाव सामी, वेणुवासाचा मुलगा. चैत्याचं दार त्यानं घडवलं, असं तिथल्या ब्राह्मी लेखात कोरलेलं आहे. श्रेष्ठींची, दात्यांची नावं ज्या दर्शनी भिंतींवर आहेत, तिथेच एका सुताराचं नाव त्याच्या बापाच्या आणि गावाच्या नावासकट.

जवळपास याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या अमेरिकेतल्या नेवाडात, कुणीतरी सरोवराकाठी बसून लव्हाळ्याचं बदक वळत होतं. खरं बदक त्याच्या भोवती उतरावं आणि जाळ्यात सापडावं म्हणून. लव्हलॉक नावाच्या गुहेत जपून ठेवलेली अशी ११ बदकं १९२४ मध्ये सापडली. पुढे त्याच देशात लाकडातून असे फसवे पक्षी कोरणं ही मोठी कला झाली. गंमत पाहा, मारण्यासाठी जन्मलेली ही कला नंतर जगवण्यासाठीही उपयोगी पडली. मेन राज्यातल्या एका बेटावरून नाहीसे झालेले पफिन पक्षी परतावेत म्हणून १९७७ पासून खडकांवर लाकडी पफिन उभे केले. उडत जाणाऱ्या पक्ष्यांना वाटलं, इथे आपली वस्ती आहे. ते उतरले, आणि १९८१ मध्ये तिथे पुन्हा पिल्लं वाढू लागली.

बदक कोरणारा, सामी आणि भोसरीचे मिस्त्री हे तिघं एका घराण्यातले आहेत. तिघांचं लाकूड खऱ्या वस्तूच्या जागी उभं राहतं आणि खऱ्या वस्तूला बोलावतं. एक पक्ष्याला, एक भाविकाला, एक वितळलेल्या बिडाला. पण तिघांत मिस्त्रींची परीक्षा सगळ्यात कडक. पक्षी लांबून बघतो, चोच जरा जाड झाली तरी तो उतरतो. भाविक खालून बघतो, फासळी बोटभर सरकली तरी त्याचे हात जोडलेलेच असतात. वाळू मात्र स्पर्शानं बघते. पटाशीचा एक ओरखडा तिच्यात उमटतो, तिच्यातून बिडात उतरतो, आणि त्या पॅटर्नवरून पुढे ओतल्या जाणाऱ्या शेकडो तुकड्यांत तसाच राहतो. शिवाय बाकी दोघांना जे आहे त्याची प्रतिमा करायची होती. मिस्त्री अजून नसलेल्या वस्तूची प्रतिमा करतात, आणि तीही मुद्दाम चुकीच्या मापाची, पुढे बरोबर ठरेल इतक्या नेमक्या चुकीची.

आता परत या. इंद्रायणीवरून, उड्डाणपुलांखालून, ट्रेलरच्या रांगांमधून. पॅटर्न आता बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा किंवा रेझिनचा असतो, यंत्रावर कापलेला. काही ठिकाणी तर पॅटर्नच लागत नाही, वाळूचा साचा थेट थर-थर छापला जातो. हे वाईट नाही. पडद्यावरच्या चौकटीतला १.०१ थकत नाही, त्याचा चष्म्याचा नंबर वाढत नाही, आणि त्या मुलीला दिवसभर भुशात उभं राहावं लागत नाही. एखाददुसऱ्या नगाच्या कामाला अजून लाकूडच परवडतं, म्हणून काही गाळ्यांत रंधा चालू आहे. कौशल्य दुसऱ्या रूपात पुढे गेलं याचा आनंदच मानायला हवा.

पण त्या गाळ्यांच्या मागची खोली उघडा. मांडणीवर छतापर्यंत पॅटर्न रचलेले: पंपांची पोटं, पुली, लेथची हेडस्टॉक, अर्धे अर्धे गिअरबॉक्स. लाल, काळे, पिवळे, धुळीनं सगळे एकाच रंगाचे. गिऱ्हाईक बंद झालं, मॉडेल बदललं, आणि जागेचं भाडं वाढलं, की हे लाकूड भंगारात जातं किंवा बंबात. प्रत्येकावर कंपनीची खूण आहे, पार्ट नंबर आहे, फाउंड्रीची निशाणी आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी ज्या खोऱ्यात सुताराचं नाव दगडात कोरलं गेलं, त्या खोऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर आपल्याकडे सामीसारखी कितीतरी माणसं होऊन गेली. त्यांनी या शहराच्या लोखंडाला आकार दिला आणि त्यांचं नाव कशावरच नाही. त्यातली काही अजून आहेत. सत्तरी-ऐंशीच्या घरात, निगडीत, चिखलीत, दिघीत, किंवा गावी परतलेली. चिंचवडला सायन्स पार्क आहे. मुलं तिथे सहलीला येतात, गाडीचं इंजिन कसं चालतं ते बघतात. तिथे एक अख्खा लाकडी पॅटर्न ठेवा, त्याची कोअर पेटी आणि फुटाला एक सूत सांगणारी ती पट्टी त्याच्या शेजारी. खाली पाटीवर तो करणाऱ्याचं नाव लिहा, त्याच्या बापाचं आणि गावाचं, जसं कार्ल्याला लिहिलं आहे.

आणि तुमच्या गाळ्यात जुने पॅटर्न असतील तर ते विकण्याआधी एक फोन करा. ज्यानं ते केले त्याला बोलावून विचारा, यातला कोणता तुमचा? तो एका हातात उचलेल आणि सांगेल. त्या पॅटर्नवर पार्ट नंबरच्या खाली जागा असते. तिथे त्याचं नाव ठोका.